दहा मिनिटांचे मामा

बीड जिल्ह्यात तालुके अकरा. आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा, स्टँडसमोर खाली झेरॉक्स आणि वर 'फोटो' अशी पाटी दिसतेच. लोखंडी जिना चढून गेलात की आत मामा. केजचे मामा सडपातळ असतील, गेवराईच्या मामांचं पोट सुटलेलं असेल, परळीच्या मामांच्या कपाळावर भस्माचे पट्टे असतील. पण एकच माणूस अकरा ठिकाणी वाटून ठेवलाय, असं मला फार दिवसांपासून वाटतं. मागं तोच बर्फाच्या डोंगराचा पडदा, कोपऱ्यात त्याच प्लास्टिकच्या फुलांची तीच कुंडी, आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंडात तेच वाक्य, "फॅमिली का? धा मिन्टं. जास्त नाय."

मी आधी समजत होतो, हा आळस आहे. पण त्यामागं शास्त्र आहे. आमच्या मामांनी ते मला चहा बशीत ओतता ओतता सांगितलं. "हे बघा सर, कुटुंब म्हंजी दूध. ग्यासवर ठिवलं की ध्यान द्यावं लागतंय. धा मिन्टात वर येतंय, तवाच उतरून घ्यायचं. अकराव्या मिन्टाला उतू जातंय. मग पुसत बसायचं कोणी?"

या दहा मिनिटांतली पहिली तीन जातात बसवण्यात. मधल्या खुर्चीवर आजी, यावर वाद नसतो. वाद असतो शेजारच्या खुर्चीवर. थोरल्या सूनबाईंना वाटतं ती आपली. धाकटीला वाटतं, आजीचं डायपर मी बदलते तर ती माझी. मामा या भानगडीत पडत नाहीत. "उंचीपर्माणं हुबं ऱ्हावा," एवढंच म्हणतात. उंची देवानं दिलेली, त्यावर कोण रुसणार! एकदा मात्र धाकटी थोरलीपेक्षा वीतभर उंच निघाली. मामांनी काही न बोलता पडद्यामागून एक वीट काढली आणि थोरलीच्या पायाखाली सरकवली. घराणं वाचलं. ती वीट मी पाहिली आहे. तिच्या कडा झिजून गोल झाल्यात.

पुढची दोन मिनिटं पुरुषांच्या हातांची. बाईमाणसाला पदर असतो, कडेवर लेकरू असतं, हातांचं काय करायचं हा प्रश्न तिला पडत नाही. पुरुषाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं की त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतं, आपल्याला दोन हात आहेत. "हात मोकळे सोडा," मामा म्हणतात आणि सगळे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निघाल्यासारखे ताठ होतात. मग लेकरासाठी मामा एक पिवळं रबरी बदक दाबतात. चींऽऽ! लेकरू बदकाकडं बघतं. काका, काकू, आजी, बारावीला विज्ञान शिकवणारा मोठा भाऊ, सगळेच बदकाकडं बघतात. आमच्या गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर माणसं कॅमेऱ्याच्या वर दोन इंच, काहीतरी दैवी दिसल्यासारखी बघतायत. ते दैवत बदक आहे.

आणि मग फोटो, फक्त पाच. मामा धंदा शिकले ते याशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर. रोलमध्ये चौकोनी फोटो बसायचे बारा. त्या बारांत एखाद्या लग्नाचे सात अन् बारशाचे पाच काढायचे. आता कार्डात हजारो मावतात, पण मामांचं बोट अजून बारा मोजतं. सहाव्यांदा बटण दाबायची वेळ आली की त्यांच्या तोंडावर रोल संपल्याची भीती दिसते.

बायकांच्या फोटोची रीत वेगळी. सासरा समोर बसलेला असताना कुठली सून मनापासून हसेल? म्हणून मामा सगळ्या पुरुषांना खाली चहाला पिटाळतात आणि मामींना हाक मारतात. मामी कॅमेरा घेतात, मामा जिन्यावर तोंड फिरवून उभे. या रिवाजाला फार थोर पूर्वज आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे, दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथं फोटो काढायला बाईच नेमली होती. हे मी मामांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "मंग! त्यांलाबी सुना असतीलच की," म्हणाले.

दहा मिनिटांत जो आला नाही तो फोटोत नाही, हा कायदा. पण कायद्याला पळवाटही मामांनीच ठेवली आहे. तिचं नाव कंप्युटर. आमच्या चुलतबहिणीचे यजमान अकराव्या मिनिटाला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. "ऱ्हाऊ द्या, नंतर बसवू," मामा म्हणाले आणि पासपोर्टसाठी काढलेल्या जुन्या फोटोतून त्यांना उचलून शेवटच्या रांगेत बसवलं. सगळ्यांवर उजेड डावीकडून, जावईबापूंवर उजवीकडून. कमरेखालचं अंग दुसऱ्याच कुणाचं. धर्मराजाच्या रथासारखे ते जमिनीपासून चार बोटं वर तरंगतात, आणि पाहुणे आले की बोट ठेवून विचारतात, "हे वारले का?" मिटलेले डोळेही मामा उघडून देतात, दुसऱ्या फोटोतून आणून. फक्त घाईत कधी डोळे एकाचे दुसऱ्याला लागतात. माझ्या थोरल्या मावशीला धाकट्या मावशीची नजर लागली आहे, ती अशी.

एका दिवाळीत आमच्या पुणेकर पुतण्याला हे सगळं मागास वाटलं. "काका, दहा मिनिटांत फॅमिलीची पर्सनॅलिटी येत नाही. कँडिड हवं." त्यानं बाहेरगावचा एक कँडिडवाला ठरवला, दोन तासांसाठी, बीडच्या कंकालेश्वराला. जागा उत्तमच. पाण्याच्या मधोमध काळ्या दगडाचं देऊळ, भोवती आम्ही अठरा माणसं. "तुम्ही मला विसरून जा, नेहमीसारखं वागा," तो म्हणाला. आमच्या घरात हे सांगायचं नसतं.

पहिली दहा मिनिटं सगळे छान चालले, हसले, पाण्याकडं बोटं दाखवली. विसाव्या मिनिटाला ऊन डोळ्यांवर आलं. पस्तिसाव्याला लेकरांनी बूट काढले. पाऊण तासानं काकूंना आठवलं की बांधावरची बाभूळ कुणी तोडली याचा निकाल अजून लागलेला नाही. तिथून सगळे खरंच त्याला विसरले आणि खरंच नेहमीसारखे वागले. 640 फोटो आले. काकूंचं बोट काकांच्या नाकापासून दोन इंचांवर, मागं देवळाचा कळस. दोन साडू एकमेकांना पाठ करून, मध्ये पाण्यात दोघांचं प्रतिबिंब. पर्सनॅलिटी म्हणाल तर ओतप्रोत. भिंतीवर लावावा असा एकही नाही.

पण खोटं कशाला बोलू, त्या 640 मध्ये एक फोटो आहे. बाभळीचं भांडण ऐन रंगात असताना आई कडेला पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत हसते आहे. इतकी हसते आहे की कवळी निसटायच्या बेतात. मामांच्या दुकानात आईचे चाळीस वर्षांत पंधराएक फोटो निघाले असतील. त्या सगळ्यांत ती बदकाकडं बघते. हे मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "कवळी दिसायलीय," म्हणाले. मग फोटो परत देताना हळूच, "किती मिन्टाला काढलाय हा?"

कपिलधारला अन् सौताड्याला पावसाळ्यात धबधब्यासमोर प्री-वेडिंगवाल्यांच्या छत्र्या उघडतात, तेव्हा मामांच्या जिन्यावर शुकशुकाट असतो. आधारकार्डं लॅमिनेट करत बसतात. त्यांचा हंगाम दसऱ्यापासून. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं बाजारात आली की त्यांच्याबरोबर ऊसतोडीला निघणारी माणसंही गावागावांतून तालुक्याला येतात. उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. कोयता म्हणजे एक नवरा-बायको, मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक. पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्यावर जायचं, ते पाडव्याच्या आसपास परत. पोरं कधी बरोबर, कधी शाळेसाठी आजीजवळ. जिथं पोरं मागं राहतात, तिथं फोटो हवा असतो. दोन कॉप्या. एक आजीच्या भिंतीला, एक फडावरच्या कोपीत.

यांच्याजवळ दहा मिनिटंसुद्धा नसतात. खाली ट्रॅक्टर उभा, दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, ताडपत्री, भांडी, चूल, शेळी, कोंबड्यांची पाटी. फोटो लगेच छापून हातात हवा.

गेल्या वर्षी मी खाली झेरॉक्स टाकून वर मामांजवळ थांबलो होतो. जोडपं वर आलं, मागं म्हातारी आणि सहा-सात वर्षांची पोरगी. पोरगी आईच्या पायाला चिकटलेली, सुटेना. मामांनी बदक दाबलं. ती रडायला लागली. पाच फोटो झाले, मामांनी सहावा काढला. मग सातवा. मी घड्याळ बघितलं, चौदा मिनिटं झाली होती. खाली हॉर्न वाजला. मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "फ्लॅश तापलाय! थंड व्हऊ दे!"

फ्लॅश टेबलावर होता. दोन महिने झाले होते बंद पडून.

सतरा मिनिटं. पोरगी आता आईच्या मांडीवर बसून बदक स्वतःच दाबत होती आणि मामा गुडघ्यावर, डोळा कॅमेऱ्याला लावून, एक, दोन, पाच, नऊ, मोजणं सोडून दिलेलं. जिना दणदणला. ट्रॅक्टरवाला वर आला, दारात उभा राहून ओरडला, "आवं मामा, फोटू काढायलाव का शिनिमा? फडावर उद्या जायचं का?"

मामांनी डोळा काढला नाही. थर्माकोलचा पांढरा पत्रा त्याच्याकडं सरकवला.

"आलास? बरं झालं. हा धर. अन् जरा वर धर की, म्हातारीच्या तोंडावर उजेड येईना."