यंत्राचा शालू, हाताची फेरारी

माणसाची अक्कल दोन खरेद्यांत पुरेपूर दिसते. एक लग्नाचा शालू, दुसरी स्पोर्ट्स कार. दुसरी आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त मोबाइलवर पाहिलेली असल्याने तिच्याबद्दलची आपली मतं अधिक ठाम असतात.

इटलीत मारानेल्लोला फेरारीचा कारखाना आहे. तिथल्या इंजिन विभागात यंत्रमानवांची एक जोडी आहे, तिला रोमिओ आणि ज्युलिएट म्हणतात. एकाने ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड धरायचं, दुसऱ्याने द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आकसलेली व्हॉल्व्हची कडी त्यात बसवायची. कडी पुन्हा फुगते आणि जन्माची घट्ट बसते. एवढं नाजूक काम माणसाच्या हातून काढून घेतल्यावर माणसाचा भाव पडायला हवा होता. पण तो वाढला! गिऱ्हाईक आता सीटवरच्या हातशिलाईवर बोट फिरवून गहिवरतं. जर्मनीत अफाल्टरबाखला एएमजीची खास इंजिनं एकेकटा कारागीर अथपासून इतिपर्यंत जोडतो आणि त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर लागते. इंग्लंडात मॉर्गनच्या गाडीला अजून ॲश लाकडाचा सांगाडा लागतो, म्हणजे सुतार आलाच. २०२४ साली फेरारीने जगभर १३,७५२ गाड्या दिल्या. मागणीपेक्षा कमी द्यायच्या, ही तिथली जुनी रीत. श्रीमंत माणसं रांगेत उभी राहतात आणि त्याचाही अभिमान बाळगतात.

काशीने याच्या नेमकं उलट करून दाखवलं, म्हणून काशी श्रेष्ठ.

मदनपुरा, अलईपुरा, लोहता इथल्या गल्ल्यांत हातमागाचा विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पाय पावड्यांवर. डोक्यावर जॅकार्ड नावाचं यंत्र आणि त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला जागीच राहतो. ही युक्ती फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ साली काढली; पुढे संगणकवाल्यांनी पुठ्ठे तेवढे उचलले. म्हणजे रोमिओचा खापरपणजोबा लोहत्यात विणकराच्या डोक्यावर टांगलेला आहे. त्याला कोणी रांगेत उभं राहून बघायला जात नाही, हे बरंच आहे. गल्ली अरुंद आहे.

कढुआ पद्धतीत प्रत्येक बुट्टीचा धागा वेगळा आणि त्याची कांडीही वेगळी. बुट्टी जिथल्या तिथे भरायची. एका साडीला कित्येक आठवडे लागतात, काम दाट असेल तर महिने. यंत्रमाग धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकतो, मागचे लोंबते धागे कातरून टाकले की काम झालं. मग दोन्ही साड्या एकाच कपाटात, एकाच नावाने, गुण्यागोविंदाने नांदतात. काही साड्या फक्त हातमागावरच विणाव्यात असा कायदा १९८५चा, हातमागाचं चिन्ह २००६चं, बनारसी ब्रोकेडला भौगोलिक मानांकन २००९चं. यंत्रमागाच्या खडखडाटात हे ऐकू जात नसेल, तर त्यात कायद्याचा काय दोष?

खरं कौतुक मात्र आपल्या वऱ्हाडाचं. विणताना पन्हा ताठ राहावा म्हणून विणकर कापड काठीला टाचून ठेवतो. त्या टाचणीची बारीक भोकं काठावर राहतात. हातमाग ओळखायची ही सोपी खूण. आपली मावशी ती भोकं बरोबर शोधते, उजेडात धरते आणि म्हणते, "भैय्या, इसके काठ को भोकं पडी हैं, दो हजार कम करो." मग ती शेजारची यंत्रावरची साडी उचलते. तिचा काठ गुळगुळीत. "याला म्हणतात फिनिशिंग!" भाव न करता पैसे देते. घरी येऊन सगळ्यांना सांगते, "अस्सल हातमाग हो, खास बनारसहून आणलाय."

हातमागावरून उठलेले कितीतरी विणकर सुरतेच्या यंत्रमागांवर गेले. सुरतेच्या 'बनारसी' साड्या बनारसला येतात आणि तिथून आपल्या रुखवतात. काशीला जाऊन आलेल्या वस्तूला पावित्र्य येतंच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

काही भाबडे लोक सुचवतात की, एएमजीच्या इंजिनासारखी शालूवरही विणकराच्या सहीची पट्टी लावावी. सूचना घातक आहे. नाव तर शालूवर असतंच, दुकानाचं. विणकराची सही आली की त्याचं नाव आलं, नाव आलं की पत्ता, आणि पत्ता मिळाला की गिऱ्हाईक थेट लोहत्यात जाऊन त्याच्या हातात पैसे ठेवणार. मग गद्दीवाल्याने, घाऊक व्यापाऱ्याने आणि फुकट चहा पाजणाऱ्या वातानुकूलित शोरूमने कुठे जायचं? एवढी माणसं उघड्यावर आणण्यापेक्षा एकट्या विणकराने सुरतेची गाडी पकडणं सगळ्यांनाच स्वस्त पडतं.