फ्रेजल व्हर्ब : सोलापूरकरांसाठी सुलभ अभ्यासक्रम

गिव्ह, टेक, पुट, रन अशा साध्यासुध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट यांपैकी एखादे शेपूट चिकटले की फ्रेजल व्हर्ब तयार होते. हे नाव लोगन पिअरसल स्मिथ यांच्या 1925 सालच्या पुस्तकामुळे रूढ झाले. तक्रार मात्र जुनी. परक्यांना या जोड्या फार जड जातात, हे डॉ. जॉन्सन यांनी 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. अर्थात, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुले ज्या शहरात आहेत, तिथे ही सबब चालणार नाही.

आधी मराठीकडे पाहावे. ‘पैसे देऊन टाकले’ यात सुटका आहे, ‘देऊन ठेवले’ यात तरतूद आणि ‘देऊन बसलो’ यात पश्चात्ताप. पैसे तेच, आणि बसायला कुणी खुर्चीही दिलेली नाही. हे ज्याला न शिकवता कळते, त्याने ‘गिव्ह अप’मध्ये काय देतात आणि वर कोण जाते, असे विचारू नये.

अर्थ प्रसंगावरून ठरवावा. पार्क मैदानावर रन आउट होतो तो फलंदाज. घरी रन आउट होते ते पिंपातले पाणी. उजनीचे पाणी रोज नळाला येत नसल्याने दुसऱ्या अर्थाचा सराव आपोआप होतो. अर्ज फिल इन करावा की फिल आउट, यावर मात्र डोके शिणवू नये. अर्ज तोच, रांगही तीच.

खरी मेख शब्दक्रमात आहे. यंत्रमाग बंद करायचा तर ‘टर्न ऑफ द लूम’ चालते, ‘टर्न द लूम ऑफ’ही चालते, पण मागाऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसवावे लागते. ‘टर्न ऑफ इट’ म्हटले तर माग चालूच राहील. ‘लुक आफ्टर’ची जोडी मात्र फोडता येत नाही, कारण तिथले ‘आफ्टर’ शब्दयोगी आहे आणि त्याचे नाम त्याच्या मागोमाग यावे लागते.

तीन शब्दांची क्रियापदे शेवटी घ्यावीत. गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या पाहुण्याची घरी मुक्कामाची सोय करणे म्हणजे ‘पुट हिम अप’. जत्रा उठली तरी पाहुणा उठेना, की पुढे ‘विथ’ लागते आणि अर्थ होतो सोसणे : ‘पुट अप विथ हिम’. या रचनेत सर्वनाम मध्ये येत नाही. ते शेवटी ठाण मांडून बसते.