प्रत्यक्षदर्शी

५ डिसेंबर २०२४ चा आझाद मैदानावरचा मुख्यमंत्र्यांचा शपथविधी घरच्या टीव्हीवर स्वच्छ दिसत असतानाही बुलढाण्याहून मुंबई गाठणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. जिल्ह्याच्या मुख्यालयी रेल्वे नाही. म्हणून आधी सुमारे ४५ किलोमीटरवरचे मलकापूर, मग रात्रभर गाडी, मग मैदानाचे शेवटचे टोक. तिथून भल्यामोठ्या पडद्यावर इतिहास प्रत्यक्ष पाहता येतो. (पडद्याकडे पाठ करून सेल्फी काढल्यास इतिहासही आपल्याला पाहतो.) निष्ठा किलोमीटरमध्ये मोजायची, तर रेल्वे नसणे ही केवढी सोय! खामगाव-जालना रेल्वेमार्गाची शतकभराची मागणी म्हणूनच कुणी घाईने पुरी करत नसावे. तरी तो मार्ग झालाच, तर लोकार्पण मुंबईतून कळ दाबून होईल. त्या ऐतिहासिक क्षणाला हजर राहणाऱ्यांनी मलकापूरहून गाडी पकडावी.