दोन महिन्यांतून एखादी

मुंबईच्या डबेवाल्यांकडे सिक्स सिग्माचं, म्हणजे जवळपास शून्य चुकांचं, सर्टिफिकेट आहे, हे मॅनेजमेंट शिकणाऱ्या पोराला कँटीनचा रस्ता सापडायच्या आधी कळतं. ते सर्टिफिकेट मात्र कुणी पाहिलेलं नाही. दिलंच नव्हतं, तर दिसणार कुठून?

झालं असं. १९९८ साली ‘फोर्ब्स’च्या पत्रकाराने डबेवाल्यांच्या अध्यक्षांना विचारलं, चूक कितीदा होते? ते म्हणाले, जवळजवळ नाहीच. दोन महिन्यांतून एखादी. पाऊसपाणी विचारल्यावर गावाकडचा माणूस देतो, तसलं उत्तर. पत्रकाराने आकडेमोड केली. रोजचे पावणेदोन लाख डबे, म्हणजे ८० लाखांत एक चूक. रिकामा डबा घरी परतही जातो, तेव्हा १ कोटी ६० लाखांत एक! सिक्स सिग्माचं नावही त्याने काढलं नव्हतं. पुढे एका परिषदेत दुसऱ्याच वार्ताहराने अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? ते काय असतं, हे आधी त्यांनी विचारून घेतलं. समजल्यावर म्हणाले, मग आहोत की, फोर्ब्सला विचारा. झालं प्रमाणित.

२०१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक स्टेफान थॉम्के यांनी डबेवाल्यांवर रीतसर केस स्टडी लिहिली. तेव्हापासून आपल्याकडच्या प्राध्यापकांनाही डबेवाल्यांचं चर्चगेट स्टेशन दिसू लागलं.

मी एकदा डब्याचं झाकण निरखून पाहिलं. रंगाने काढलेली चार-पाच अक्षरं नि आकडे. मधला ठसठशीत आकडा उतरायच्या स्टेशनाचा. कडेला पोचवणारा, इमारत, मजला. नाव नाही, पत्ता नाही. सेमिनारात याला ‘लो-कॉस्ट इनोव्हेशन’ म्हणतात. मुकादमाला ‘लीडर’ म्हणतात. पण गडी खाड्यावर असला की हा लीडर स्वतः डबे वाहतो, ती स्लाइड भरभर पुढे सरकते.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या, हापिसं घरात शिरली, डबे बंद पडले. माणसं मावळात, खेडला, जुन्नरला परतली. त्या वर्षी संकटकाळातल्या नेतृत्वावर वेबिनार मात्र उदंड झाले.

परवा अशाच एका परिसंवादात पांढऱ्या टोपीतले एक काका वेळेआधी वीस मिनिटं येऊन बसले होते. विषय होता वेळेवर डिलिव्हरी. उद्घाटन पाऊण तास उशिरा झालं. काका बोलले, टाळ्या पडल्या, शाल मिळाली. जाताना त्यांनी हळूच मानधनाचं विचारलं.

संयोजक पोराने हातात फॉर्म ठेवला. व्हेंडर नोंदणी, पॅन कार्ड, रद्द केलेला चेक, तीन प्रती.

“पैसे कधी?”

“पंचेचाळीस दिवस धरा काका. आमच्याकडे प्रोसेस असते ना.”