शेरेसर

लासूर स्टेशनात कुणाला बोअरची मोटर घ्यायची असो, मुलगी बघायला जायचं असो, की पोराला बारावीनंतर कुठं घालायचं ते ठरवायचं असो, आधी शेरेसरांना विचारावं लागतं. शेरे हे त्यांचं आडनाव नव्हे. केंद्रप्रमुख म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळा हिंडताना त्यांनी शेरेबुकांत इतके शेरे मारले की आडनाव मागं पडलं. निवृत्तीनंतर शाळा सुटल्या, शेरे सुटले नाहीत. लग्नाच्या पंगतीतून उठताना ते यजमानाच्या कानाशी लागतात, "वरण समाधानकारक. जिलेबीत सुधारणेस वाव."

अंगात सफारी, काखेत कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि खिशाला दोन पेनं. लाल चुकांसाठी, निळं सहीसाठी. हिरव्या शाईचं पेन राजपत्रित अधिकाऱ्याचं. ते आपल्या खिशाला लागलं नाही, ही सल ते दुसऱ्या चहानंतर बोलून दाखवतात.

अलीकडे त्यांच्याकडे नवंच काम येऊ लागलंय. पोरं वाळूजला, पुण्याला, त्याच्याही पलीकडे. घरात म्हातारं माणूस, त्यातून लकवा नाहीतर खुब्याचं हाड मोडलेलं. "सर, जरा चांगला वृद्धाश्रम बगा ना," म्हणून लोक येतात. बाजार समितीतल्या एका कांद्याच्या आडत्याचे वडिलांचं उजवं अंग लकव्यानं गेलं, तेव्हा ते शेठही आले. शेठचा थोरला न्यू जर्सीत. त्यानं तिकडून मोबाईलवर याद्या पाठवलेल्या. छत्रपती संभाजीनगरातले चार वृद्धाश्रम आणि प्रत्येकापुढं गूगलचे तारे.

"चार पूर्णांक आठ," शेठ म्हणाले. "लई भारी दिसतंय."

"तारे दिले कोणी?"

"लोकांनी."

"कोणत्या लोकांनी? जे वाढदिवसाला केळी वाटायला जातात, फोटो काढतात आणि जेवणाच्या आत घरी येतात, त्यांनी. आतल्या म्हातारीकडं फोन आहे का तारा द्यायला?"

शेठ गप्प. मग त्यांनी थोरल्याची दुसरी पुडी सोडली. अमेरिकेत म्हणे सरकारच शुश्रूषागृहांना तारे देतं. हे खरं आहे. मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यविमा योजनेनं 2008 पासून तिकडच्या नर्सिंग होमना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. तपासणीचा अहवाल, नोकरवर्ग आणि रुग्णांची स्थिती अशा तीन गोष्टींवरून ते ठरतात. तपासणीच्या भागात तर राज्यातल्या वरच्या दहा टक्क्यांना पाच तारे आणि तळच्या वीस टक्क्यांना एक, अशी सरळ चाळणी.

शेरेसरांनी डोळे मिटून ऐकलं. एकच प्रश्न विचारला, "नोकर किती, हे कोण सांगायचं?"

थोरल्याला रात्री फोन लागला. सुरुवातीला नर्सिंग होम स्वतःच सांगायचं, असं उत्तर आलं. 2014 साली न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर झोड उठवली आणि 2016 पासून पगारपत्रकावरून आकडे घ्यायला लागले.

"शाळासिद्धी!" सर ओरडलेच. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. शाळेनं आपली श्रेणी आपणच भरायची, ही योजना त्यांनी नोकरीच्या उत्तरार्धात राबवली होती. केंद्रातल्या सगळ्या शाळा 'अ' श्रेणीत बसल्या होत्या, त्यातल्या एकीला तर छप्पर नव्हतं. "म्हंजे अमेरिका आपल्याच वाटेनं आली म्हणा की," असं म्हणून त्यांनी निळ्या पेनानं तारीख टाकली.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा तपासणीच्या वाटा तपासनिसाला. अधिकारी येणार म्हटल्यावर कुठला फळा रंगवतात, खिचडीत त्या दिवशी वाटाणा कुठून येतो आणि शेजारच्या शाळेतली हुशार पोरं पुढच्या बाकावर कशी येऊन बसतात, हे सरांनी तीस वर्षं पाहिलं, आणि क्वचित घडवूनही आणलं. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा पोरांच्या बोटाला शाई लावत ते स्वतः फिरले होते. पटावरची डोकी आणि बाकावरची डोकी यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची आयुष्यभराची कमाई.

सकाळच्या पॅसेंजरनं सर निघाले. फोन न करता. वृद्धाश्रमाच्या दारात व्यवस्थापक हसतमुखानं आडवे आले. "या, ऑफिसात बसू, माहितीपत्रक देतो." सर ऑफिसकडे पाठ करून थेट स्वयंपाकघरात. तिथून मागच्या मोरीकडे, तिथून संडासात. दर्शनी भाग बघायचा नसतो, तो रंगवलेला असतो. मग खोल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान कोणत्या महिन्याचं आहे ते त्यांनी टिपलं. पाण्याचा तांब्या पडल्यापडल्या हाताला लागतो का, ते स्वतः एका रिकाम्या खाटेवर आडवं होऊन पाहिलं. माणसांच्या पायांची नखं पाहिली. एका खाटेशेजारची घंटी दाबली आणि घड्याळ लावून उभे राहिले. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, ती घंटी चालू नाही, आम्हाला हाक मारली तरी ऐकू येतं." सरांनी लाल पेन काढलं.

"अंथरुणाला खिळलेल्यांना कूस कधी बदलता?"

"वेळोवेळी."

"वेळोवेळी हा शेरा मी लिहितो. तुम्ही तास सांगा." दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर टाचेला आणि माकडहाडाला जखमा होतात, हे त्यांना घाटी रुग्णालयातल्या एका सिस्टरनं सांगितलं होतं. त्यांनी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवलंय.

सगळं उरकून सर निघणार, तोच कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, "बसा केंद्रप्रमुख." निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या शाळेला सरांनी एकदा 'ब' दिला होता. सर बसले, विद्यार्थ्यासारखे.

"खिचडी पाहिलीत?"

"पाहिली, बाई. चांगली आहे."

"आज चांगली आहे. नोकरांचा पट पाहिलात?"

"हो. रात्रपाळीला चार."

बाई हसल्या. "तुम्ही पटपडताळणी केलेली ना? मग रात्री या. रविवारी रात्री."

सर रविवारी गेले. आडत्याच्या वडिलांचे मावसभाऊ म्हणून बाकावर रात्र काढली. पटावर चार, हजर एक, आणि त्या एकाच्या कानात हेडफोन. पहाटे थोरल्याला त्यांनी विजयाचा फोन केला, तर त्यानं सांगितलं, अमेरिकेतही 2022 पासून शनिवार-रविवारचा नोकरवर्ग ताऱ्यांत धरतात. "आपल्यानंतर बरीच वर्षं," सर म्हणाले. हे त्यांनी कोणत्या हिशेबानं म्हटलं, ते कुणी विचारलं नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधार वृद्धांना पुरेल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय, हेही सर आता येताजाता ऐकवतात. पण पैसे मोजून ज्याला जागा हवी त्याचं काय, याला त्यांच्याकडे रजिस्टरशिवाय उत्तर नाही. चारही आश्रम पालथे घातल्यावर त्यांनी तक्ता केला. एक 'ब', दोन 'क', आणि एकाच्या पुढं फक्त 'पुनश्च भेट आवश्यक'. मला विचाराल तर तक्ता भारी होता. अडचण एवढीच की त्यात उत्तर नव्हतं.

तो घेऊन सर शेठच्या घरी पोचले, तेव्हा मीही सोबत होतो. शेठ अडतीवर होते. वहिनी माहेरी गेलेल्या. गड्यानं आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि शेठना बोलवायला गेला. बाबा खाटेवर होते. तपासणीची सवय अशी सुटत नाही. सरांची नजर फिरू लागली. तांब्या खिडकीत, म्हणजे डाव्या हातापासून चार हात लांब. कॅलेंडरवर मागचा महिना. पायाची नखं वाढलेली. हाक मारायला घंटी नाही. सरांनी बाबांना विचारलं, "कूस कोण बदलतं?"

"ज्याला सवड असंल तो," बाबा म्हणाले.

सरांनी रजिस्टर उघडलं. तक्त्याखाली पाचवी ओळ आखली. खिशातून लाल पेन निघालं.

तेवढ्यात शेठ धापा टाकत आत आले. "मंग सर, काय ठरलं? कुठं ठेवायचं?" त्यांची नजर उघड्या पानावर गेली. पाचव्या ओळीत त्यांच्याच घराचा पत्ता, आणि पुढं सर अजून लिहीतच होते. शेठनी खिडकीकडं पाहिलं, कॅलेंडरकडं पाहिलं, आणि तांब्या उचलून खाटेजवळ ठेवत म्हणाले, "काहून ओ सर, येण्याआधी एक फोन तरी करायचा ना!"