भोपाळला विचारलं असतं तर

'फास्टर फेणे' सिनेमा आम्ही घरीच पाहिला, रविवारी सकाळी, पोहे-जिलबी झाल्यावर. (भोपाळात ही जोडी अशीच खातात. पुण्याचे पाहुणे पोह्यांशेजारी जिलबी बघून आधी बावरतात, मग दोनदा मागून घेतात.) सोफ्यावर मी, बायको, ताई आणि बारा वर्षांचे चिरंजीव. टीव्ही लावण्याआधी मी एक छोटं भाषण केलं. फास्टर फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांचा जन्म १९१० साली इंदूरचा. त्यामुळे बनेश फेणे कागदोपत्री फुरसुंगीचा असला, तरी त्याचं आजोळ आपल्याकडचं, असा त्याचा मथितार्थ.

"पप्पा, लावा न आता!" चिरंजीव म्हणाले.

त्यांना काय कळणार! दर मे महिन्यात आम्ही पुण्याला आत्याकडे जायचो आणि परतताना ट्रंकेत लोणच्याच्या बरणीखाली फेणेची दोन-तीन पुस्तकं यायची. मग बाहेर लू चालली असताना कूलरसमोर पडून ती वाचायची. जीभ टाळूला लावून 'ट्टॉक' करण्याचा सराव मी भूगोलाच्या तासाला केला आणि उरलेला भूगोल वर्गाबाहेरून शिकलो. सायकलही फेणेसारखीच हाणायची होती. पण श्यामला हिल्सच्या उतारावर सायकल हाणणारा तपासाला पोहोचत नाही. मी फुलकीच्या ठेल्यावर पोहोचलो. चिंचेचं पाणी अंगभर घेऊन घरी आलो, तेव्हा सगळा तपास आईनंच केला.

एक तक्रार मात्र तेव्हापासूनची आहे. फेणे काश्मीरला गेला, पार नेफापर्यंत गेला. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात तो भोपाळला उतरला नाही. वाटेत गाडी थांबत असूनही.

तर सिनेमा. २०१७ सालचा, आदित्य सरपोतदारांचा. फेणे झालाय अमेय वाघ, आणि तो डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. म्हणजे चांगला बाप्या! इथंच मी अडलो. माझे केस पिकले, गुडघे वाजायला लागले, ते मी मुकाट्यानं सोसलं. कारण निदान फेणे तरी शाळेत आहे, हा भरवसा होता. आता त्यानंही दाढी करायची म्हटल्यावर शाळेत राहिलं कोण?

ताईचं दुसरंच. "सुमीत राघवनच खरा फेणे," ती म्हणाली. दूरदर्शनवरची ती मालिका तिनं आत्याकडे पाहिली होती आणि ते प्रकरण तिनं तेव्हाच बंद केलं होतं. मग पडद्यावर खुद्द भागवतच आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात, आणि फेणे त्यांच्याच घरी राहायला गेला. त्यानंतर पाचएक मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. ताईनं चष्मा पुसला. मी जिलबीचा उरलेला तुकडा उगाच उचलला.

पुढं परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी बसलेला मुलगा जिवानिशी जातो आणि फेणेला संशय येतो. आमच्या सोफ्यावर मात्र एव्हाना निकाल लागला होता. "अहो, हे तर आपलं व्यापम!" बायको म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या भाभी कटोरी परत करायला आल्या. त्यांना मराठीचं अक्षर येत नाही. उभ्या-उभ्या दोन मिनिटं पाहून म्हणाल्या, "भाईसाब, बगल वाली सीट देखिए।"

पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे व्यापमच्या, पीएमटीत (डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत) एक पद्धत होती, तिचं नाव 'इंजन-बोगी'. पैसे घेऊन बसवलेला हुशार तोतया म्हणजे इंजिन. त्याच्या मागं-शेजारी नंबर लावून घेतलेली गिऱ्हाइकं म्हणजे डबे. इंजिन लिहिणार, डबे ओढले जाणार. २०१३ मध्ये इंदूरच्या पोलिसांनी तोतये धरले आणि गाडी रुळावरून घसरली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. पुढं मंडळाचं नावही बदललं. भोपाळात ते अजून व्यापमच. ज्या गावात घोटाळ्याची रचना रेल्वेच्या भाषेत घरोघर पाठ आहे, तिथं बिचारा फेणे शोधून शोधून काय शोधणार? तो पुण्यातल्या गल्ल्या पालथ्या घालत होता आणि आम्ही सोफ्यावरून त्याला पुढचं सांगत होतो.

सगळे हसले. भाभी हसता हसता थांबल्या. त्यांच्या मुलानं त्याच वर्षांत दोनदा पीएमटी दिली होती. अभ्यास करून. आता तो औषधांच्या दुकानात हिशेब बघतो. भाभी खुर्ची ओढून बसल्या आणि भाषा कळत नसताना त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा दिसला की हळूच शिव्या देत होत्या. माझ्या दाढीबद्दलच्या तक्रारीत त्यानंतर जीव राहिला नाही. दाढी आलेला फेणे त्यांच्या मुलाच्या वयाचा होता.

"मला तर मूव्ही चांगली लागली," चिरंजीवांनी भोपाळी मराठीत निर्णय दिला आणि लगेच 'ट्टॉक' केलं. माझ्यापेक्षा स्वच्छ. मग म्हणाले, "पुस्तकं कुठे आहेत?"

माळ्यावरून काढली. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' सापडलं नाही. १९८६ च्या गणेशोत्सवात मंडपातल्या कोणीतरी 'उद्या देतो' म्हणून नेलं होतं. ज्यानं नेलं त्यानं हे वाचलं, तर पुस्तक आणून द्यावं. पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आहे आणि चौथ्या पानावर चिंचेच्या पाण्याचा डाग.