आच्छादन खात्याच्या काकू

जगातील यच्चयावत् वस्तू विधात्याने उघड्या निर्माण केल्या असून त्यांवर यथाकाल आच्छादन चढविण्याचे काम आपल्या शिरावर टाकले आहे, अशी ज्यांची जन्मजात समजूत असते, अशा स्त्रियांचा एक वर्ग मराठी समाजात पूर्वापार नांदत आला आहे. आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली उठला तरी मराठी बिऱ्हाडे जेथून उठली नाहीत, त्या जबलपुरात हा वर्ग विशेष जोमाने फोफावलेला दिसतो. येथील पौष-माघातली थंडी अंगावर लोकर घेतल्याखेरीज निभत नाही, आणि स्वेटर पुरा झाल्यावर जे गुंडे उरतात ते जिवाला स्वस्थता लाभू देत नाहीत, हे त्याचे एक कारण; पण मुख्य कारण स्वभाव, आणि त्याला हवामान जबाबदार नाही.

या वर्गाच्या प्रातिनिधिक काकू (राइट टाउनपासून गोलबाजारापर्यंत दर आळीत एक तरी आहेत, म्हणून नाव घेण्याचे प्रयोजन नाही) रुखवतात क्रोशाचे रुमाल, तोरणे आणि हंसांची जोडी घेऊन सासरी आल्या. त्या काळी रेडिओ बाळगण्यास सरकारी परवाना लागे. परवाना घरात येताच काकूंनी रेडिओवर झालर चढविली, पुढे दूरदर्शनचा संच आला त्यास पडदा केला, फ्रीजच्या मुठीला मोजा घातला, मिक्सरला टोपडे शिवले, आणि अखेरीस घरात उघडे असे यजमानांचे डोके तेवढे शिल्लक राहिले. त्यावरही हिवाळाभर कानटोपी असतेच. पुढे मोबाइल आला, तेव्हा अष्टौप्रहर हातात असणाऱ्या या वस्तूस तरी वस्त्राची जरुरी भासणार नाही, असे भोळ्या माणसांना वाटले. काकूंच्या दप्तरी मात्र हे प्रकरण ‘उघडे’ म्हणून दाखल झाले. आणि नातीने अमिगुरुमी नावाची जपानी क्रोशाची खेळणी दाखविल्यापासून तर रुखवतातील हंस मागे पडून चतुष्पादांची भरती सुरू झाली.

वाघाची रीत अशी. फोनच्या रुंदीइतकी साखळी घालावयाची, तिच्या दोन्ही अंगांनी मुके खांब घेत फिरावयाचे, आणि काम न उलटता गोल गोल वर चढावयाचे, म्हणजे शिवण कोठेही पडत नाही. चार फेरे नारिंगी, एक काळा, असे पट्टे उठत जातात. वरचे उघडे तोंड हाच वाघाचा जबडा. कान निराळे विणून टाचावयाचे, डोळ्यांना यजमानांच्या जुन्या कोटाची बटणे, आणि शेपटी पुढे ओढून बटणात अडकवली की बंदोबस्त पक्का.

यजमानांनी आपली हयात गन कॅरेज फॅक्टरीत घालविली. तोफांचे गाडे बनविणारा हा कारखाना १९०४ पासून शहरात आहे, आणि तेथे केसभर माप चुकले तरी जाब द्यावा लागतो. त्या शिरस्त्याने ते व्हर्नियर कॅलिपर लावून फोनची लांबी, रुंदी आणि जाडी मोजतात, आकडे कागदावर रुजू करतात आणि कागद काकूंच्या हवाली करतात. काकू त्या कागदाची घडी करून तिच्यावर लोकर गुंडाळतात. आणि फोन एक वीत उंच नि चार बोटे रुंद, एवढ्या हिशेबावर सुई चालवितात. आश्चर्य हे की, वाघ बरोबर बसतो. लोकर ताणते, ही सोय तोफखान्यात नसल्याने यजमानांना ती आजतागायत मान्य झालेली नाही.

परंतु कोणता प्राणी कोणास द्यावयाचा, हा हौसेचा नव्हे, न्यायदानाचा मामला आहे. १९५६ साली राज्याची फेररचना होऊन मध्य प्रदेशाचे हायकोर्ट जबलपुरास आले खरे. पण काकूंच्या निकालावर तेथेही अपील चालत नाही. नातवाला वाघ. वकील जावयाला घुबड, कारण डोळे सदैव विस्फारलेले आणि भर दिवसा दिसत काही नाही. प्रस्तुत लेखकाच्या वाट्यास कासव आले असून, लेखनाची गती पाहता निकाल बेकायदा म्हणवत नाही. थोरल्या नणंदेस संक्रांतीच्या वाणात हत्ती मिळाला, तेव्हा होळीपर्यंत अबोला होता. “अहो वन्सं, हत्ती म्हणजे साक्षात गजानन! मान दिलाय मी तुम्हांला,” अशी कैफियत काकूंनी दिली, ती नामंजूर झाली.

वनखात्यातील भाच्यासाठी बारशिंगा झाला, त्याची हकिकत तर स्वतंत्रच. बारशिंगा हा मध्य प्रदेशाचा राज्यपशू; १९७० साली कान्हाच्या जंगलात ते अवघे सहासष्ट उरले होते, आणि पुढे मोठ्या निगुतीने वाढविले गेले. काकूंनी त्यास लोकरीत वाढवावयाचे ठरविले. शिंगांना दहापासून चौदापर्यंत टोके असू शकतात, असे भाचा नम्रपणे सांगत होता. काकूंनी बाराच काढली. आत तार घातल्याने ती ताठ उभी राहिली, आणि तेव्हापासून तो फोन कोणत्याही खिशात जात नाही. मंडल्याच्या बसमध्ये तर एका सहप्रवाशाच्या मफलरीत तो असा गुंतला की, दोघांना एकाच थांब्यावर उतरावे लागले.

वापरणाऱ्याची अवस्था विचारू नये. वैशाखात पारा बेचाळिशीच्या पुढे गेला की लोकरीतला फोन तापतो आणि स्वतःच संप पुकारतो. घंटी वाजली तर दत्ताची आरती वाघाच्या पोटातून, गिळलेल्या भक्ताने म्हणावी तशी, अस्फुट ऐकू येते. आणि जबड्यात बोटे घालून फोन उपसेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून गेलेला असतो. काकूंना यात दोष दिसतो तो पलीकडच्या माणसाचा.

खरा पेच नवा फोन घेताना पडतो. नवे यंत्र जुन्याहून बोटभर लांब निघते आणि धडधाकट वाघ बेकार होतो. यंत्रासाठी वाघ उसवणे काकूंस नामंजूर असल्याने, त्या रिकामा वाघ घेऊन दुकानात गेल्या आणि एकेक फोन त्याच्या जबड्यात घालून पाहू लागल्या. सातव्या फोनाला दुकानदाराने हात जोडले: “अम्मा, मोबाइल लेना है कि शेर को खाना खिलाना है?” काकूंनी आठवा मागितला. तो बसला. त्याची बॅटरी किती, कॅमेरा कसा, हे काकूंनी विचारले नाही, आणि यजमानांनी पैसे मोजले.

जबलपुरास जाणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती की, भेडाघाट अवश्य पाहावा, खोव्याची जिलबी अवश्य खावी, पण अशा काकूंच्या घरी फोन खिशातच ठेवावा; आणि बाहेर काढणे भागच पडले तर कोणता प्राणी हवा ते आपण होऊन सांगून टाकावे, कारण निवड त्यांच्यावर सोपविलेल्या एका सद्गृहस्थांस शेळी मिळाली आहे.